आधी काय, मग काय : मिरर डिंगीच्या आराखड्याचा प्रकरण अभ्यास

हौसेसाठी वापरायच्या छोट्या शिडाच्या होडीचा आराखडा करायला बसणाऱ्या प्रत्येकाची यादी साधारण सारखीच असते. होडी वेगवान असावी, सहजी उलटू नये, हलकी असावी, टिकावी, स्वस्तात व्हावी, तिच्यात कुटुंब बसावे, एकट्यालाही ती हाकता यावी, उथळ पाण्यात जावी आणि काठावर उभी असताना देखणीही दिसावी. या यादीतील एकाही कलमावर कोणाचा वाद नसतो. वाद होतो तो क्रमावर, कारण तीन-साडेतीन मीटर लांबीत एक गोष्ट पुरती मिळवायची तर दुसरीतले काही सोडावेच लागते. मोठ्या नौकेत लांबी थोडी वाढवून असे पेच सोडवता येतात; छोट्या होडीत ती पळवाट नसते. म्हणून छोट्या होडीचा आराखडा समजून घ्यायचा तर तिच्यात काय काय आहे यापेक्षा कशासाठी काय सोडले आहे हे आधी पाहावे.

त्या दृष्टीने ब्रिटनमधील मिरर डिंगीइतके उघड उदाहरण दुसरे नाही. जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या नौका-प्रदर्शनात ही होडी लोकांसमोर आली आणि पुढे तिच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. लांबी ३.३० मीटर, रुंदी १.३९ मीटर, रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ४५ किलो, मोठे शीड आणि पुढचे छोटे शीड मिळून साधारण साडेसहा चौरस मीटर कापड आणि घरी जोडायच्या सगळ्या भागांच्या संचाची, म्हणजे किटची, त्या वेळची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, टोकदार नाही, बोथट आहे. डोलकाठी आखूड असून तिच्यावर दुसरी काठी चढवावी लागते. आणि शिडे विटकरी लाल आहेत. शर्यतीच्या होड्यांवर प्रेम करणाऱ्याला ती प्रथमदर्शनी ओबडधोबड वाटते. तिच्या प्रत्येक ओबडधोबड भागामागे मात्र सांगता येण्याजोगे कारण आहे.

होडीच्या आधीच्या होड्या

दुसऱ्या महायुद्धाने पाण्यात न सुटणारे गोंद आणि चांगले प्लायवुड सर्वसामान्य वापरात आणले. त्याआधी छोटी होडी म्हणजे वाकवलेल्या फळ्या, शेकडो रिव्हेट आणि अनुभवी सुतार असे समीकरण होते. प्लायवुडच्या सपाट पत्र्यांनी ते बदलले आणि त्या बदलाचा सर्वांत चांगला उपयोग करून घेणाऱ्यांमध्ये टेम्सकाठच्या पटनी येथील आराखडाकार आणि पुढे बॅरी बकनेल यांच्यासह मिरर आखणारे जॅक होल्ट यांचे नाव अग्रभागी होते. १९४७ मध्ये ‘यॉटिंग वर्ल्ड’ या मासिकासाठी त्यांनी मुलांची ‘कॅडेट’ आखली, तिची नाळही बोथटच होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गाडीच्या टपावरून नेता येईल अशी होडी आखली. तिचे पहिले नावच ‘कारटॉपर’ होते आणि पुढे ती ‘हेरॉन’ म्हणून ओळखली गेली. १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पाठबळावर निळ्या शिडांची ‘एंटरप्राइज’ आली. त्या जानेवारीत दोन एंटरप्राइज रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या आणि जाहिरातीचे काम आपोआप झाले. वृत्तपत्राने होडी पुरस्कृत करावी आणि तिची शिडे रंगीत असावीत हा पायंडा इथूनच पडला.

या सर्व होड्या घरी बांधता येण्याजोग्या होत्या, पण ‘घरी’ म्हणजे सुतारकामाची हत्यारे आणि सवय असलेल्या माणसाच्या घरी. आधी साच्यावर आडव्या चौकटी अचूक उभ्या करायच्या, त्यांना लांब पट्ट्यांनी जोडायचे, प्रत्येक कडेला बदलत्या कोनात रंधा मारायचा आणि मग त्यावर प्लायवुड स्क्रूने बसवायचे. एक चौकट अर्धा इंच सरकली की होडी कायमची वाकडी. शिवाय हेरॉन टपावर नेण्यासाठी आखलेली असूनही साठ किलोंहून जड होती, आणि साठ किलोंची लांबलचक वस्तू डोक्याच्या उंचीवर उचलणे दोन प्रौढांनाही सोपे नसते. होल्ट यांना काय हवे होते हे यावरून दिसते. ते पुरतेपणी मिळत नव्हते हेही दिसते.

कमी होती ती बांधणीच्या पद्धतीची, आणि ती आणली बॅरी बकनेल यांनी. बकनेल हे बीबीसीवर घरदुरुस्तीचे कार्यक्रम करणारे, त्या काळी घराघरांत माहीत असलेले गृहस्थ होते. जुन्या नक्षीदार दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकून ती ‘आधुनिक’ करायला त्यांनी एका पिढीला शिकवले, आणि जुन्या घरांचे जतन करणारे लोक त्याबद्दल त्यांच्यावर आजही रागावतात. सपाट पत्र्यांतून काय काय करता येते याचा विचार करण्याची सवय मात्र त्या माणसाला होती, आणि होडीच्या कामी नेमकी तीच उपयोगी पडली.

क्रम

मिररपुढील अटींचा क्रम मी पुढीलप्रमाणे लावतो. तो होडीवरूनच वाचता येतो. सुतारकाम न येणाऱ्याला ती घरी बांधता आली पाहिजे, ही पहिली अट. होडीला नाव आणि पाठबळ देणाऱ्या, चाळीस लाखांहून अधिक खप असलेल्या, मुख्यतः कामगारवर्गात वाचल्या जाणाऱ्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या वाचकाला ती परवडली पाहिजे, ही दुसरी. छोट्या मोटारीच्या टपावर ती डोलकाठीसकट मावली पाहिजे, ही तिसरी. नवशिक्या बापाला आणि दोन मुलांना पाण्यात उलटल्यावर बाहेरच्या मदतीशिवाय परत होडीत बसता आले पाहिजे, ही चौथी. वारा पडला तर वल्ही मारून आणि जमले तर लहान इंजिन लावून घरी येता यावे, ही पाचवी. आणि हे सगळे सांभाळून ती चांगली चालावी.

‘चांगली चालावी’ हे शेवटी आले म्हणून ते दुय्यम ठरले असे कोणी समजू नये. होल्ट यांच्यासारख्या शर्यतीच्या माणसाने तिच्यात हात घातला तो यासाठीच. पण वेगासाठी वरच्या पाचांपैकी एकही अट मोडायची नाही, ही मर्यादा त्यांनी पाळली, आणि मिररचे वेगळेपण तिथे आहे.

शिवलेली होडी

मिररच्या तळाचे दोन आणि बाजूंचे दोन पत्रे, पुढची आणि मागची आडवी पाटी आणि आतले आडपडदे, हे सर्व सुमारे पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडमधून कारखान्यातच अचूक कापून किटमध्ये येत. बांधणाऱ्याने पत्र्यांच्या कडांजवळ ठरावीक अंतरावर बारीक भोके पाडायची, शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा भिडवून भोकांतून तांब्याची तार ओवायची आणि पक्कडीने पीळ द्यायचा. तळाचे दोन पत्रे मधल्या रेषेवर असे शिवून पुस्तकासारखे उघडले आणि त्यांना बाजूचे पत्रे जोडले की होडीचा आकार आपोआप उभा राहतो, कारण आकार पत्र्यांच्या कडांच्या वळणातच भरलेला असतो. मग आतून सांध्यावर फायबरग्लासची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटवायची, ती घट्ट झाली की बाहेरची तारेची टोके छाटायची आणि बाहेरूनही तशीच पट्टी द्यायची.

ही पद्धत सर्वस्वी नवी नव्हती; त्याच सुमारास ती ब्रिटनमध्ये छोट्या कयाकसाठी वापरली जाऊ लागली होती. शिडाच्या होडीत ती आणण्याचे महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीत आहे. चौकटीवरच्या बांधणीत अचूकपणाची जबाबदारी बांधणाऱ्यावर असते. शिवलेल्या होडीत ती कापणाऱ्यावर जाते. कारखान्यातल्या साच्याने एकदा पत्रे बरोबर कापले की घरच्या माणसाला कोन मोजावे लागत नाहीत, कडांना रंधा मारावा लागत नाही आणि सांध्यात फट राहिली तर ती रेझिन भरून काढते. ज्याच्या हाताला सवय नाही त्याच्या चुका पोटात घालणारी बांधणी हवी, हा विचार इथे आहे, आणि माझ्या मते मिररच्या यशातील निम्म्याहून अधिक वाटा या एकाच निर्णयाचा आहे. लोकांनी ती गॅरेजमध्ये, परसातल्या शेडमध्ये आणि बैठकीच्या खोलीतही बांधली.

बोथट नाळ हीदेखील या बांधणीची गरज होती. प्लायवुड एका दिशेने वाकते. एकाच वेळी दोन दिशांनी ते वाकत नाही. टोकदार नाळेकडे जाताना तळाचा पत्रा आडव्याचा जवळपास उभा व्हावा लागतो, म्हणजे थोड्याशा लांबीत त्याला मोठा पीळ द्यावा लागतो, आणि तारेने शिवायच्या होडीत नवशिक्याचा पत्रा नेमका तिथेच तडकतो. पुढे लहानशी आडवी पाटी दिली की हा पीळ सौम्य होतो. दुसरा फायदा जागेचा. टोकदार होडीचा पुढचा मीटर रुंदीने इतका निमुळता असतो की तिथे माणूस बसू शकत नाही आणि तो भाग फारसा भारही पेलत नाही. मिररमध्ये रुंदी पुढपर्यंत टिकते, त्यामुळे ३.३० मीटरमध्ये तिच्याहून बऱ्याच लांब होडीइतकी जागा आणि स्थिरता मिळते. याची किंमत मोजावी लागते ती लाटांत. खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा असतील तर ही पाटी लाटेवर थडाथड आपटते, प्रत्येक आपटीला वेग मरतो आणि पुढच्या माणसाच्या अंगावर पाणी येते. तलाव, नद्या आणि आडोशाच्या खाड्या हे जिचे मुख्य क्षेत्र ठरवले आहे तिच्यासाठी ही किंमत योग्य होती. उघड्या समुद्रासाठी ती नसती.

किमतीबद्दल थोडक्यात. ६३ पौंड ११ शिलिंग ही रक्कम त्या वेळच्या ब्रिटिश कारखान्यातील पुरुष कामगाराच्या सुमारे चार आठवड्यांच्या कमाईएवढी होती. ही स्वस्ताई मजुरीतून आली: सर्वांत महाग श्रम, म्हणजे जोडणीचे, गिऱ्हाईक स्वतःच करणार होते. वृत्तपत्राला जाहिरात मिळत होती, म्हणून प्रसिद्धीचा खर्चही होडीवर पडत नव्हता. लाल शिडे ही त्या वृत्तपत्राच्या लाल शीर्षपट्टीची आठवण आहे. ती राखाडी पाण्यावर दुरून दिसतात हा फायदा आयताच पदरात पडला.

टप, डोलकाठी आणि ४५ किलो

तिसऱ्या अटीने होडीची लांबी आणि शिडाची मांडणी दोन्ही ठरवून टाकल्या. १९६० च्या सुमारास ब्रिटिश कुटुंबाकडे मोटार आली असली तर ती लहान असे. होडीसाठी ट्रेलर घ्यायचा म्हणजे आणखी खर्च, घराजवळ तो ठेवायला जागा आणि रस्त्यावर तो ओढण्याची धास्ती. ट्रेलर नको म्हटल्यावर टप उरतो, आणि टपावर दोन माणसांनी उचलून ठेवायची तर वजन पन्नास किलोंच्या आत हवे. पातळ प्लायवुड आणि चौकटी नसलेली बांधणी यांमुळे हे शक्य झाले. इथे पहिली अट तिसरीच्या मदतीला आली: ज्या पद्धतीने बांधणी सोपी झाली तिनेच वजनही उतरवले.

आता डोलकाठी. साध्या, एकसंध काठीवर साडेसहा चौरस मीटरचे शीड चढवायचे तर ती होडीपेक्षा बरीच लांब होते. ती टपावर ठेवली की गाडीच्या पुढे-मागे टोके निघतात. शिवाय सरळ, निर्दोष आणि इतके लांब लाकूड महाग पडते. होल्ट यांनी म्हणून गंटर पद्धत घेतली. तिच्यात खालची डोलकाठी आखूड असते आणि शिडाची वरची कड दुसऱ्या काठीला बांधलेली असते. दोरीने ओढली की ही दुसरी काठी डोलकाठीला जवळजवळ समांतर उभी राहून तिची उंची वाढवते. मिररच्या सर्व काठ्या आणि वल्ही होडीच्या लांबीत मावतात. टपावर उलटी ठेवलेली होडी आणि तिच्या पोटात बांधलेले सगळे सामान, असा एकच गठ्ठा तयार होतो.

कोकणातल्या पारंपरिक होडीवर आखूड डोलकाठी आणि तिच्यावर तिरकस चढवलेले लांब बांबूचे परभाण पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. उंच काठी परवडत नाही तिथे दोन आखूड काठ्या एकावर एक घ्याव्यात, हा तोडगा जगातल्या अनेक किनाऱ्यांनी आपापल्या परीने काढला आहे.

गंटरचे तोटे खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वाऱ्याच्या झोतात वरची काठी मागे झुकते, शीड ढिले पडते आणि वाऱ्याच्या दिशेने तिरके वर जाताना होडी थोडी मागे पडते. दोन काठ्यांचा सांधा, दोन-तीन जास्तीच्या दोऱ्या आणि उभारणीतली किचकट पाच-दहा मिनिटे हेही हिशोबात धरावे लागतात. पण एक फायदा सहसा कोणी मोजत नाही: वारा वाढला की वरची काठी खाली येते आणि तिच्याबरोबर उंचावरचे वजनही खाली येते. उंच एकसंध काठी शीड उतरवले तरी उभीच राहते आणि हलक्या होडीला डोलवत राहते.

होडीचा समतोल कळायला वजनाचा एक हिशोब पुरतो. सांगाडा ४५ किलो. काठ्या, शिडे, सुकाणू आणि दोऱ्या धरून बेरीज साठ-पासष्टच्या आसपास जाते. तिच्यात दोन प्रौढ बसले की १४० किलो आले. म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या एकूण वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश वजन माणसांचे आहे आणि ते हलते आहे. इतक्या लहान होडीत खरे ‘नीरम’, म्हणजे होडी स्थिर ठेवणारे वजन, तिच्यात बसलेली माणसेच. त्यामुळे बसायच्या जागा कुठे आहेत आणि हालचाल किती सहज होते, हा सोयीचा नव्हे तर होडीच्या चालीचा प्रश्न असतो. मिररचा मधला बाक वल्ही मारणाऱ्यासाठी योग्य ठिकाणी आहे आणि बाजूचे कप्पे बसायला रुंद आहेत. दोन प्रौढ मागे सरकून बसले की पुढची पाटी पाण्याबाहेर राहते. दोघेही पुढे आले की ती पाणी ढकलू लागते आणि होडी जड झाल्यासारखी वाटते. जाणत्याला हे पहिल्या फेरीतच कळते, नवशिक्याला कोणीतरी सांगावे लागते.

उलटल्यावर काय

छोटी होडी उलटणारच. ती उलटू नये म्हणून रुंदी आणि वजन वाढवत जाणारा आराखडाकार शेवटी अशी होडी तयार करतो जी टपावर चढत नाही आणि हलक्या वाऱ्यात हलतही नाही. मिररमध्ये प्रश्न उलट बाजूने हाताळला आहे: उलटली तर पुढची दहा मिनिटे कशी जातील?

उत्तर चार हवाबंद कप्प्यांत आहे. एक पुढे, एक मागे आणि दोन बाजूंना. हे कप्पे होडीच्या बांधणीचाच भाग आहेत. चौकटी नसलेल्या पातळ पत्र्यांना ताठपणा तेच देतात, बसायची जागाही तेच देतात आणि पाण्यात एक लिटर बंद हवा जवळजवळ एक किलो वजन उचलून धरते या न्यायाने होडीला बुडू देत नाहीत. एकाच प्लायवुडने तीन कामे करावीत, असा हा हिशोब आहे. आधीच्या बऱ्याच होड्यांत हवेच्या पिशव्या पट्ट्यांनी बांधत. त्या फुटत, सैल होत आणि नेमक्या वेळी बाजूला सरकत.

होडी आडवी झाली की लाकडी काठ्या तरंगतात, त्यामुळे ती लगेच पूर्ण पालथी होत नाही. तळातून खाली गेलेल्या उभ्या फळीवर, म्हणजे डॅगरबोर्डवर, उभे राहून एक प्रौढ किंवा दोन मोठी मुले तिला सरळ करू शकतात. सरळ झाल्यावर आत बरेच पाणी असते. इथे एक बारीक गोष्ट निर्णायक ठरते: पाण्याने भरलेली होडी ज्या पातळीवर तरंगते तिच्या वर डॅगरबोर्डच्या खाचेचे तोंड राहिले पाहिजे. ते खाली गेले तर बादलीने जितके पाणी बाहेर टाकाल तितके खाचेतून आत येते, आणि माणूस दमतो पण होडी रिकामी होत नाही. कप्प्यांचे आकारमान ठरवताना होडी तरंगते का एवढेच पाहणारे नवखे आराखडाकार हीच गोष्ट विसरतात.

कप्प्यांचा दोष कालांतराने दिसतो. बंद जागेत दमट हवा राहिली की प्लायवुड आतून कुजते आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून किनाऱ्यावर ठेवताना कप्प्यांची बुचे उघडी ठेवायची असतात, आणि जुनी मिरर घेणारा जाणता माणूस शिडे पाहण्याआधी बुचे काढून आत हात घालतो. सुरुवातीचे पॉलिएस्टर रेझिन लाकडाला आजच्या इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही, त्यामुळे जुन्या होड्यांत सांध्यांवरच्या पट्ट्या सुटतात. ज्या बांधणीने होडी लाखोंच्या आवाक्यात आणली तिचेच हे देणे आहे.

वेग, आणि त्याच वर्षीची दुसरी होडी

डॅगरबोर्ड सरळ वर-खाली होतो. बिजागरीवर मागे फिरणाऱ्या फळीला लांब पेटी लागते. ती होडीच्या मधोमध जागा खाते, वजन वाढवते आणि तिथून गळती होते. सरळ फळीला छोटी खाच पुरते. पण खडकावर आदळली तर ती मागे फिरत नाही, धक्का थेट खाचेला बसतो. आणि उथळ पाण्यात अर्धी वर ओढली तर बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, व तिची दोरी तिच्यावर अडकतात. स्वस्त, हलके आणि नवशिक्याला बांधता येण्याजोगे, या तिन्ही कसोट्यांना सरळ फळी उतरली. किनाऱ्याशी सफाईने येण्याच्या कसोटीला ती उतरली नाही, आणि तीच निवडली गेली.

पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाला २.४ ने गुणले की पाणी कापत जाणाऱ्या होडीचा साधारण कमाल वेग सागरी मैलांत येतो. पाण्यात सुमारे तीन मीटर असलेल्या मिररला हा हिशोब ताशी चारच्या थोडा वर नेऊन ठेवतो. जोराच्या वाऱ्यात हलकी माणसे असतील तर ती पाण्यावर उचलली जाऊन याहून वेगाने धावते, पण आराखडा त्यावर उभा नाही.

मिरर आखली गेली त्याच १९६२ मध्ये पीटर मिल्न यांनी ‘फायरबॉल’ आखली. तीही प्लायवुडची, तीही घरी बांधता येण्यासारखी, तिचीही नाळ बोथट. पण तिची लांबी पाच मीटरच्या जवळ जाते, ती अरुंद आणि सपाट तळाची आहे, आणि एक माणूस डोलकाठीच्या तारेला लटकून बाहेर झुकतो. साहित्य तेच, नाळही तशीच. अग्रक्रमांत वेग वर आला आणि कुटुंब, टप आणि नवशिक्या बाप गळाले. दोन्ही होड्या आपापल्या यादीला प्रामाणिक आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले ते या फायरबॉलवर, आणि त्याच स्पर्धेत होल्ट यांची एंटरप्राइजही एक वर्ग होती. आपल्याकडे सैन्यदलांच्या शिडाच्या केंद्रांत एंटरप्राइज वर्षानुवर्षे चालली. इथे होड्या संस्थांनी घेतल्या आणि त्या संस्थांच्या आवारातच राहिल्या, त्यामुळे टपावर चढण्याची अट फारशी कोणी घातली नाही.

क्रम बदलला की

ब्रिटनमध्येही पुढे तेच झाले. घरी होडी बांधणारे कमी झाले, ट्रेलर सर्रास मिळू लागले, आणि मिरर मुख्यतः मुलांच्या शर्यतींची होडी बनली. फायबरग्लासचे सांगाडे नियमांत आले आणि २००० नंतरच्या दशकात गंटरऐवजी एकसंध डोलकाठीही मान्य झाली. जुन्या लोकांना ती खटकली. मला तो निर्णय सुसंगत वाटतो: जिच्यासाठी गंटर होता ती अट गेली होती. बोथट नाळ मात्र राहिली, कारण ती बदलली असती तर सत्तर हजार होड्यांशी नाते तुटले असते, आणि एकाच मापाच्या होड्यांनी शर्यत करणे हीच आता पहिली अट होती.

महाराष्ट्रातल्या एखाद्या धरणाच्या जलाशयासाठी कोणी घरी होडी बांधायची म्हटली तर हीच यादी पुन्हा नव्याने लावावी लागते, आणि पहिली अडचण लाकडाच्या दुकानातच येते. युरोपात अशा होड्यांना लागणाऱ्या हलक्या ओकुमे प्लायवुडची घनता दर घनमीटरला साडेचारशे किलोंच्या आसपास असते. आपल्याकडे दुकानदार ‘सातशेदहा’ म्हणून जे मरीन प्लाय देतो, म्हणजे भारतीय मानक ७१० चे, ते बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचे असते आणि घनमीटरला सातशे किलोंच्या घरात जाते. गोंद उत्तम, टिकाऊपणा उत्तम, पण तीच होडी तशाच जाडीत बांधली तर सांगाडा साठ किलोंच्या पुढे जाईल आणि टपाची अट तिथेच संपेल.

मग टप सोडून द्यावा आणि ट्रेलर किंवा काठावरची शेड गृहीत धरावी, हे बरे. ते एकदा मान्य केले की लांबी चार मीटरपर्यंत नेता येते, गंटरची गरज उरत नाही, नाळ टोकदार करण्याइतकी लांबी पत्र्याला पीळ घ्यायला मिळते, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या खडकांसाठी बिजागरीवर मागे फिरणारी फळी देता येते. हवाबंद कप्पे आणि शिवलेली बांधणी मात्र जशीच्या तशी ठेवावी. फक्त पावसाळ्यातले चार महिने दमट हवेत जाणार असल्याने कप्प्यांची बुचे लहान न ठेवता हात आत जाईल एवढी झाकणे करावीत आणि आतूनही सर्वत्र इपॉक्सीचे हात द्यावेत. गोड्या पाण्यात प्लायवुड खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कुजते.